जलपरीचा आवाज कुणाचा?

२०२३ साली आलेल्या 'द लिटल मरमेड'मध्ये एक बाजाराचा प्रसंग आहे. समुद्र सोडून जमिनीवर आलेली, वाचा गेलेली जलपरी एरियल राजपुत्राबरोबर हिंडतेय. ठेल्यावरची एक बाई तिच्या हातात जेवणाचा काटा ठेवते. काही सेकंदांत प्रसंग संपतो. शेजारी बसलेल्या माझ्या भाचीला त्यात काही विशेष वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं. ती ठेलेवाली बाई म्हणजे जोडी बेन्सन. १९८९ च्या मूळ कार्टून सिनेमातली एरियल हिच्याच गळ्यातून बोलली आणि गायली होती. चौतीस वर्षं कोट्यवधी मुलांनी जिचा आवाज ऐकला, ती समोर येऊन उभी राहिली तरी ओळखू आली नाही. (नाव 'जोडी' असलं तरी बाई एकटीच. मराठीत लिहिताना हा घोटाळा होतोच.)

हे आत्ता आठवायचं कारण बातम्यांमध्ये आहे. २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. आमच्या आवाजाची एआयने केलेली नक्कल थांबवा, असं त्यांचं म्हणणं होतं. दोघांनाही न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिलं. अमेरिकेत याच मुद्द्यावर अभिनेते संपावर गेले. आणि हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात एक प्रामाणिक शंका येते: आवाज ही काय सातबाऱ्यावर चढवायची वस्तू आहे का? आवाज काढला, पैसे घेतले, विषय संपला ना?

उत्तर द्यायचं तर आधी आवाजाचं काम करणारी माणसं नेमकं काय करतात ते बघावं लागेल. त्यासाठी बेन्सनची कारकीर्द चांगली उपयोगी पडते.

## चित्र आधी की आवाज आधी?

आपल्याकडे 'व्हॉइस आर्टिस्ट' म्हटलं की डोळ्यांपुढे डबिंग येतं. म्हणजे सिनेमा तयार आहे, पात्राचे ओठ हलतायत, आणि त्या हालचालीत आपल्या भाषेतली वाक्यं बसवायची आहेत. काम कठीणच, पण ते तयार सदरा उसवून अंगाबरोबर करण्यासारखं.

मूळ कार्टून सिनेमात बहुतेक वेळा उलटं असतं. आवाज आधी मुद्रित होतो आणि चित्रं मागाहून काढतात. इथे आवाज म्हणजे माप, आणि कापड त्या मापाने बेतायचं. सिनेमाच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. हाताने चित्रं काढायच्या काळात मुद्रित झालेला प्रत्येक शब्द चौकटींमध्ये मोडून मोठ्या तक्त्यावर मांडत. 'आ' किती चौकटी चालला, ओठ कुठे मिटले, वाक्याच्या मधोमध श्वास कुठे घेतला, हे सगळं त्यात. मग चित्रकार तो तक्ता पुढे ठेवून, ध्वनिफीत पुन्हापुन्हा ऐकत तोंड, भुवया, खांदे काढत बसायचा. अभिनेत्री एका शब्दावर किंचित अडखळली तर ते अडखळणं पात्राच्या चेहऱ्यावर उतरायचं.

ग्लेन कीन हा डिस्नेचा नावाजलेला चित्रकार. १९८९ च्या 'लिटल मरमेड'मध्ये त्याच्याकडे खलनायिका अर्सुला यायची होती. पण बेन्सनचं गाणं ऐकल्यावर त्याने एरियल मागून घेतली. म्हणजे पडद्यावरची एरियल कशी दिसेल, कशी वळून बघेल, हे कागदाला पेन्सिल लागण्याआधी एका आवाजाने बरंचसं ठरवलं होतं.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे चटकन पटेल. समोर कागदावरचं चित्र असतं, ते हलत नाही. हलवतो तो गाणाऱ्याचा गळा.

## नाटक पडलं, आणि काम मिळालं

बेन्सनचा जन्म १९६१ चा, इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावचा. तिची सुरुवात कार्टूनमध्ये नाही, रंगमंचावर झाली. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांना मिळून 'ब्रॉडवे' म्हणतात. तिथे आठवड्याला साधारण आठ प्रयोग होतात, आणि चाललं नाही तर नाटक निर्दयपणे उतरवतात.

१९८३ मध्ये ती ब्रॉडवेवर आली ती मेरिलिन मन्रोच्या आयुष्यावरच्या संगीत नाटकातून. सतरा प्रयोगांत ते बंद पडलं. १९८६ च्या नोव्हेंबरात 'स्माइल' आलं. एका सौंदर्यस्पर्धेत उतरलेल्या मुलींची गोष्ट. संगीत मार्विन हॅम्लिशचं; संहिता, गीतं आणि दिग्दर्शन हॉवर्ड ॲशमनचं. दोन्ही माणसं नामांकित, तरीही अठ्ठेचाळीस प्रयोग झाले आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पडदा पडला. या नाटकात बेन्सनच्या वाट्याला एक मोठं गाणं होतं. त्याचं नाव 'डिस्नेलँड'. कादंबरीत असं लिहिलं तर संपादक खोडून टाकेल.

ॲशमन तोवर डिस्नेच्या जलपरीवर काम करू लागला होता. नाटक बंद पडल्यामुळे आपल्या नटसंचातल्या मुली एकदम बेकार झाल्या, ही बोच त्याला होती. त्याने त्यांना एरियलच्या भूमिकेसाठी चाचणी द्यायला बोलावलं आणि भूमिका बेन्सनला मिळाली. पडलेल्या नाटकाचा इतका चांगला उपयोग क्वचितच कुणाला झाला असेल.

आता यात नुसता योगायोग बघू नये. ॲशमनला नाटकातली माणसंच हवी होती. त्याच्या मते कार्टून सिनेमा आणि संगीत नाटक ही सख्खी भावंडं. पात्राला बोलणं अपुरं पडू लागतं तिथे गाणं सुरू होतं आणि गाणं संपतं तेव्हा गोष्ट एक पाऊल पुढे गेलेली असते. संगीत नाटकावर पोसलेल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. म्हणून त्याला नुसती गायिका नको होती आणि नुसती नटीही नको होती. पुढे डिस्नेनेच हे काम दोघींत वाटून दिलं. 'अल्लादिन'मधली जास्मिन बोलते लिंडा लार्किनच्या आवाजात आणि गाते लिया सलोंगाच्या. पोकाहॉन्टसचंही तसंच, बोलते आयरीन बेडार्ड आणि गाते जुडी कून. एरियलचं बोलणं आणि गाणं मात्र एकाच गळ्यातलं आहे, आणि बोलता बोलता ती गाऊ लागते तेव्हा कुठेही सांधा दिसत नाही.

## शेवटच्या रांगेसाठी की मायक्रोफोनसाठी?

रंगमंचावर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा असतो. स्टुडिओत माइक तोंडापासून वीतभर अंतरावर. तिथे कुजबुज चालते, पण कडक इस्त्रीच्या सदऱ्याची सळसळ चालत नाही, संहितेचं पान उलटल्याचा आवाज चालत नाही, रिकाम्या पोटाची गुरगुरही नाही. सोबत ना नेपथ्य, ना वेशभूषा. समोरचं पात्रसुद्धा बहुतेक वेळा नसतं, त्याचं वाक्य दुसरंच कुणी वाचून दाखवतं. रंगमंचावर हात, डोळे, चाल यांच्याने जे साधतं ते सगळं इथे श्वासातून आणायचं.

एरियलचं मुख्य गाणं मुद्रित करताना बेन्सनने स्टुडिओतले दिवे मंद करून घेतले होते, समुद्राच्या तळाशी असल्यासारखं वाटावं म्हणून. ॲशमन आत तिच्या शेजारी उभा. त्या मुद्रणाचं चित्रण उपलब्ध आहे, जरूर बघा. तो तिला सूर शिकवत नाही. आवाज चढवू नकोस, आतली ओढ वाढव, अशा धर्तीवर तो सुचवत राहतो. ब्रॉडवेची सवय असलेला आवाज हळूहळू आत ओढला जातो, आणि एका सोळा वर्षांच्या मुलीचं स्वतःशी बोलणं तयार होतं.

हेच गाणं पुढे कापलं जाणार होतं. चाचणी खेळाला आलेली पोरं या गाण्याच्या वेळी चुळबुळ करू लागली, म्हणून स्टुडिओचा प्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग याने ते काढायचं मनात आणलं. ॲशमन, कीन आणि इतरांनी हट्ट धरला म्हणून ते राहिलं.

## मग हे पार्श्वगायनच झालं की!

अर्धवट बरोबर. पार्श्वगायनात पडद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी खराखुरा चेहरा असतो. इथे चेहराच नसतो, आवाज हाच नट.

पण एक दुखणं दोन्हीकडचं सारखं आहे, ते म्हणजे नाव न मिळण्याचं. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'ला आवाज दिला ॲड्रियाना कॅसेलोटीने. मोबदला सुमारे ९७० डॉलर, आणि श्रेयनामावलीत तिचं नाव नव्हतं. त्यानंतर बाराच वर्षांनी आपल्याकडे 'महल' आला. त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव. लता मंगेशकर हे नाव लोकांना मागाहून कळलं. पात्र खरं वाटावं म्हणून माणूस लपवायचा, हा विचार दोन्हीकडे होता.

१९८९ पर्यंत काळ बदलला होता. बेन्सनचं नाव श्रेयनामावलीत आलं. तरी "कार्टूनमध्ये बोलते ती" एवढीच ओळख राहण्याची भीती होती. ती पुसली १९९२ च्या 'क्रेझी फॉर यू'ने. गर्श्विन बंधूंच्या जुन्या गाण्यांवर बेतलेल्या या संगीत नाटकात ती नायिका पॉली बेकर होती. या भूमिकेसाठी तिला टोनी या ब्रॉडवेवरच्या मानाच्या पुरस्काराचं नामांकन मिळालं, आणि नाटकाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा पुरस्कार. आधीच्या दोन नाटकांचे मिळून पासष्ट प्रयोग झाले होते. हे नाटक ब्रॉडवेवर १,६२२ प्रयोग चाललं.

## एकदा आवाज दिला, पुढे काय?

पुढेच खरी गंमत आहे. पात्र म्हातारं होत नाही. एरियलची दूरदर्शन मालिका आली, २००० आणि २००८ मध्ये पुढचेमागचे भाग आले, व्हिडिओ गेम आले, आणि प्रत्येक वेळी बेन्सन पुन्हा एरियल झाली. शिवाय थंबेलिना, 'फ्लबर'मधला उडता यंत्रमानव वीबो, आणि 'टॉय स्टोरी'च्या दुसऱ्या-तिसऱ्या भागातली बार्बी. २०११ मध्ये डिस्नेने तिला 'डिस्ने लेजंड' हा आपला मानाचा किताब दिला. रंगमंचावरच्या नायिकेला पन्नाशीत नायिकेची कामं मिळत नाहीत. गळा सांभाळला तर आवाजाच्या नायिकेला मिळतात. ही बाजू लोक विसरतात.

पैशांचं गणित मात्र नीट समजून घ्यायला हवं. स्टुडिओत जाऊन जितका वेळ काम केलं त्याचे पैसे, ही झाली मजुरी. दुसरा भाग म्हणजे 'रेसिड्युअल': ते काम पुन्हा दाखवलं, विकलं, दुसऱ्या माध्यमात नेलं की मिळणारा वाटा. मराठी नाटककाराला प्रयोगामागे मानधन मिळतं, तशातलाच प्रकार. किती आणि कशावर, हे नटांची संघटना कंपन्यांशी वाटाघाटी करून ठरवते. संघटनेचं नाव सॅग-आफ्ट्रा.

भांडणं होतात ती माध्यम बदललं की. पेगी ली या गायिकेने १९५५ च्या 'लेडी अँड द ट्रॅम्प'साठी गाणी लिहिली आणि काही पात्रांना आवाजही दिला. तेव्हा व्हिडिओ कॅसेट कुणाच्या स्वप्नातही नव्हती. १९८७ मध्ये कॅसेट बाजारात आली आणि धो धो खपली. लीचं म्हणणं होतं, माझ्या करारात विक्रीसाठीच्या प्रतींचे हक्क मी राखून ठेवलेत. खटला चालला आणि १९९१ मध्ये तिला सुमारे तेवीस लाख डॉलर मंजूर झाले. करारातलं एक वाक्य पस्तीस-चाळीस वर्षांनी कामाला आलं.

कंपन्याही यातून शिकल्या. आता करारात सर्रास लिहिलेलं असतं की आज ठाऊक असलेल्या आणि पुढे कधीही शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, हक्क आमचे. पृथ्वीवर त्यांचं भागत नाही.

## यंत्र आवाज 'चोरतं' म्हणजे काय करतं?

जुन्या फितीतले शब्द कापून चिकटवतं, असा एक समज आहे. तसं नाही. यंत्राला एखाद्याच्या बोलण्याचे नमुने ऐकवले की ते त्या आवाजाची ढब शिकतं. स्वर कुठे जाडा होतो, 'स' कसा निसटतो, वाक्याच्या शेवटी सूर उतरतो की तरंगत राहतो, हे सगळं. मग ते त्या माणसाने आयुष्यात कधीही न उच्चारलेलं वाक्य त्याच्या आवाजात म्हणू शकतं. पुतळ्याचा साचा एकदा हातात आला की मूर्तिकाराची गरज उरत नाही, तसंच हे.

इथे कायद्यातली एक फट दिसते. कॉपीराइट असतो तो ध्वनिमुद्रणावर, आवाजावर नाही. घागरीची मालकी सांगता येते, तिच्यातून वाहून गेलेल्या पाण्याची नाही. यंत्राने जुनी फीत न वाजवता नवीन वाक्य घडवलं तर कॉपीराइटचा कायदा तोकडा पडतो.

## नकला तर पूर्वापार होत आल्यात!

हा आक्षेप रास्त आहे. गणेशोत्सवाच्या मांडवात पुढाऱ्यांच्या आणि नटांच्या नकला होतात, त्यावर कुणी खटला भरत नाही. कारण ती नक्कल आहे हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं आणि त्यातच मजा असते.

पण बेट मिडलरचं प्रकरण ऐका. ही गायिका-अभिनेत्रीही ब्रॉडवेवरूनच वर आलेली. फोर्ड कंपनीच्या मोटारीच्या जाहिरातीसाठी तिला विचारलं गेलं, तिच्या बाजूने नकार गेला. मग जाहिरातवाल्यांनी पूर्वी तिच्याच मागे साथीला गाणारी एक गायिका गाठली आणि हुबेहूब मिडलरसारखं गा म्हणून सांगितलं. गाणं वापरायची रीतसर परवानगी होती, गाणारीही राजीखुशी गात होती. कागदोपत्री सगळं स्वच्छ. तरीही १९८८ मध्ये अपील न्यायालयाने मिडलरचा दावा उचलून धरला: प्रसिद्ध गायिकेचा ओळखू येणारा आवाज मुद्दाम, माल विकण्यासाठी उचलणं म्हणजे तिची ओळखच उचलणं. पुढे ज्यूरीने चार लाख डॉलर देवविले. एआयचं नावही नव्हतं तेव्हाची ही गोष्ट, पण आजच्या वादात वकील तिच्याकडे पुन्हापुन्हा वळतात.

तेव्हा फसवायला निदान एक तालमीतली गायिका शोधावी लागली होती. आता तेवढेही कष्ट नाहीत.

## परवानगी घेतली की झालं ना?

बऱ्याच अंशी हो. जेम्स अर्ल जोन्स हा रंगमंचाचा थोर नट, 'स्टार वॉर्स' सिनेमांतला खलनायक डार्थ व्हेडर याचा आवाज. वय झाल्यावर आपल्या जुन्या मुद्रणांवरून यंत्राने तो आवाज घडवायला त्याने संमती दिली आणि २०२२ च्या मालिकेत तसा वापर झाला. २०२४ मध्ये तो गेला. २०२५ मध्ये एका लोकप्रिय व्हिडिओ गेममध्ये व्हेडर खेळाडूंशी थेट गप्पा मारू लागला. कुटुंबाची संमती होती. तरी संघटनेने तक्रार नोंदवली, कारण नटांऐवजी यंत्र आणताना संघटनेशी बोलणी व्हायला हवी होती, असं तिचं म्हणणं. कुटुंबाचा हक्क एका आवाजावर. पण तो आवाज हुबेहूब काढून पोट भरणारे इतर नटही आहेत, त्यांचं काय? मला दोन्ही बाजू पटतात, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड वाटतो.

२०२३ मध्ये सिनेमा-मालिकांतल्या नटांचा संप ११८ दिवस चालला. व्हिडिओ गेममध्ये काम करणाऱ्यांचा संप जुलै २०२४ मध्ये सुरू झाला आणि मिटायला जवळपास वर्ष लागलं. दोन्हीकडे एआय हा मोठा मुद्दा होता, आणि मागणी 'यंत्र नको' अशी नव्हती. नटाला विचारा, आवाज कशासाठी वापरणार ते नेमकं सांगा, आणि जो वापर होईल त्याचे पैसे द्या, असं नटांचं म्हणणं होतं. २०२४ मध्येच टेनेसी आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी या अंगाने कायदे केले. कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा रोख तर थेट त्या मोघम, 'संपूर्ण विश्वात'छाप कलमांवर आहे: नटाची डिजिटल प्रतिकृती कशासाठी वापरणार हे करारात स्पष्ट नसेल, आणि नटाच्या बाजूने वकील किंवा संघटना नसेल, तर ते कलम लागू करता येत नाही.

बेन्सन, मिडलर, आशाताई यांच्यासारख्यांना निदान न्यायालयात जाता येतं. त्यांचा आवाज लोक ओळखतात, तोच त्यांचा पुरावा. गेममध्ये मागून ओरडणाऱ्या शिपायाचा, स्टेशनवरच्या घोषणेचा, औषधाच्या जाहिरातीतल्या आईचा आवाज कुणी ओळखत नाही. 'माझा आवाज घेतला' हे त्यांनी सिद्ध तरी कसं करायचं? अशा किरकोळ कामांवरच अनेकांचं घर चालतं, आणि यंत्राला सगळ्यात आधी जमणारी कामंही हीच.

## गोष्टीतच होतं की

'लिटल मरमेड'ची गोष्ट पुन्हा एकदा या नजरेने बघा. अर्सुला एरियलपुढे करार ठेवते. पाय देते, बदल्यात आवाज. एरियल मान फिरवून, न वाचता सही करते. आवाज तिच्या गळ्यातून उजेडाच्या गोळ्यासारखा बाहेर येतो आणि अर्सुलाच्या गळ्यातल्या शिंपल्यात जाऊन बसतो. पुढे अर्सुला तरुण मुलीचं रूप घेते, व्हनेसा नाव लावते आणि तोच आवाज वापरून राजपुत्राला भुलवते. राजपुत्राला चेहरा ओळखीचा नसतो. तो आवाजावर विश्वास ठेवतो.

अर्सुलाचं गडगडाटी बोलणं पॅट कॅरोलचं, तीही नाटकातली मुरलेली नटी. पण व्हनेसाच्या वेळी माइकसमोर उभी राहिली ती जोडी बेन्सनच. गळा तिचाच, फक्त तो दुसरीच कुणीतरी वापरते आहे असं ऐकू यायला हवं होतं.